उन्हात ठेवलेला लॅपटॉप

विळी मिटल्याचा खट् असा आवाज झाला आणि नमिता दचकली. इतका वेळ घरात कोणी बोलत नव्हतं. सासू जया बाहेरच्या खोलीत मांदेली साफ करत बसली होती, आणि नमिता आतल्या खोलीत खाटेवर, मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघत. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक ठिपके गोल फिरत होते. फिरले, फिरले, थांबले. खाली परत तीच ओळ आली. कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क.

"लागला?" जयानं बाहेरूनच विचारलं.

"नाय अजून."

"दहा वाजत आले गो."

"म्हाईत हाय, आई."

काल, सोमवारी लागला होता. काल नमितानं दहाला पाच कमी असताना केस नीट बांधून, हेडफोन लावून पवईच्या ऑफिसातल्या गंधाली मॅडमचा वर्ग दोन वाजेपर्यंत ऐकला होता. तिच्यासारख्या अठरा जणी होत्या. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी घरी बसून फोनवर घ्यायच्या, असं काम. समोरचा शिव्या देऊ लागला तरी आपण आवाज चढवायचा नाही. 'आपली अडचण मला समजते' असं म्हणायचं. मग विचारायचं, प्लग नीट बसलाय का, बटण चालू आहे का. एकदा बंद करून पुन्हा चालू करा. पाच दिवस शिकवणार आणि पुढच्या सोमवारपासून काम. या पाचांतले दोन दिवस बुडले तर नाव कमी.

हे काम तिला हवं होतं ते हातांसाठी. लग्न होऊन वेसाव्यात आल्यापासून सहा वर्षं तिनं बोंबील वाळत घातले होते. बोंबलाचे दात बारीक, सुईसारखे. ते टोचतात आणि टोचलेल्या जागी खारं पाणी शिरतं. सगळ्यांचेच हात चिरतात, पण नमिताचे चिरलेले भरून येत नव्हते. उजव्या हाताची तीन बोटं नखांपासून पांढरी, फुगलेली असत. मीठ-भाताचा घास घेतानाही डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं, खाऱ्या पाण्यात हात घालणं सोडा, नाहीतर पुढच्या वर्षी मला बोटं कापायला सांगाल. जयानं ते ऐकलं होतं. ती म्हणाली होती, "आमचं काय साखरेच्या पान्यात गेलं काय?"

लॅपटॉप माहेरचा. मढच्या भावानं जुना घेऊन दिलेला. वायफाय मात्र दिराचं. दिपेश माळ्यावर राहायचा, आणि वायफायचा डबा जिन्याच्या वरच्या पायरीवर भिंतीला ठोकलेला. पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत होता.

सोमवारी संध्याकाळी दिपेश बंदरावरून आला तेव्हा त्याच्या अंगाला मासळीचा वास आणि तोंडावर वैताग होता. कार्तिक सरत आला तरी आभाळ मोकळं होत नव्हतं. बोंबील मात्र तुफान लागला होता. रामनाथ, नमिताचा नवरा, बोट घेऊन चार दिवस बाहेर होता आणि मासळी दुसऱ्यांच्या बोटींवर चढवून पाठवत होता. किनाऱ्यावर टबांच्या रांगा लागल्या होत्या. त्यात कामाला ठेवलेल्या दोन बायका अचानक गावाला निघून गेल्या.

"वहिनी, उद्यापास्नं सकाळी वलांडीवर ये," दिपेश म्हणाला. वलांडी म्हणजे समुद्राकाठी बांबू रोवून, दोर ताणून केलेली बोंबील वाळवायची जागा.

"दोननंतर येते, भावोजी. मग अंधार पडेस्तोवर बसते."

"दोननंतर? ऊन काय तुझ्या टायमानं चालतं?"

"पाचच दिवस हाय."

"मग? मग बाई हाफिसात जानार आनि बोंबील मी लावनार." तो हसला. जया भाकरी थापत होती. तिनं पुढचा गोळा हातात घेतला.

पाच वर्षांची श्रुतिका जिन्यावर बसली होती. दिपेशनं वर जाताना तिला काखेत उचललं. थोड्या वेळानं ती तोंडात चॉकलेट घोळवत खाली आली, आईकडे न बघता गोधडीवर आडवी झाली.

मंगळवारी नमितानं गंधाली मॅडमनी शिकवलेलंच सगळं आपल्यावर करून बघितलं. बंद करून चालू केलं. डब्याचा प्लग काढला, शंभरपर्यंत आकडे मोजले, परत लावला. हिरवे दिवे लागले. नेटवर्क विसर असं सांगितलं, पासवर्ड नव्यानं घातला. ठिपके फिरले, थांबले. तिच्या स्वतःच्या फोनला वायफाय लागत होतं. जयाच्या फोनवर व्हिडिओत कुणीतरी सोलकढी करत होतं. म्हणजे बिघडलाय तो हाच, तिनं ठरवलं. वर्गाचं सॉफ्टवेअर फोनवर चालत नव्हतं. मग तिनं फोनचा डेटा लॅपटॉपला जोडला. त्या आतल्या खोलीत फोनला एक दांडी, कधी तीही नाही. चार वेळा ती वर्गाबाहेर फेकली गेली. पाचव्या वेळी मॅडम म्हणाल्या, "नमिता, तुमचा आवाज तुटतोय. आजची गैरहजेरी लावते. उद्या लाइन नीट करून या."

ती शेजारी वनमालाकडे गेली.

"तुझ्याकडं बसू काय गो चार तास? वायफाय आमचं लागत नाय."

वनमाला दारातच उभी राहिली. "बस की. पन सासूला इचारून ये. मागनं मला नको बोलायला, सुनेला फूस लावली म्हनून."

नमिता परत आली. दुपारी वलांडीवर गेली.

बुधवारी तिनं सहालाच लॅपटॉप उघडला. श्रुतिका उशाशी येऊन बसली, आणि तिनं हळूच एक बोट कीबोर्डवर ठेवलं, नुसतं ठेवलं. नमिताच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. सोमवारी दुपारी वर्ग संपल्यावर लॅपटॉप उघडाच होता. पोरगी त्याच्याजवळ खेळत होती.

"तू दाबलंस काय काय तरी? सोमवारी?"

श्रुतिकानं बोट काढून घेतलं.

"बोल. तू केलंस ना?"

पोर मागे सरली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की नमिताला खात्रीच पटली. तिनं मारलं. एकदा गालावर, आणि तो हात तसाच परत येताना त्या बोटावर. श्रुतिका रडली नाही. ते बोट दुसऱ्या मुठीत धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

"पोरीला कशाला?" दिपेश दात घासत जिन्यावरून खाली आला होता. "आन, बघू."

तो खाटेवर बसला. नमिता समोर उभी. त्यानं तिला पासवर्ड एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायला लावला.

"डी."

"कॅपिटल की बारकी?"

"कॅपिटल."

"नक्की? बारावी झालीस ना गो?"

तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. त्यानं तीनदा म्हणायला लावलं. ठिपके फिरले, थांबले. त्यानं लॅपटॉप उलटा केला, नाकाशी नेला, वास घेतला.

"खारं वारं बसलं आत," तो म्हणाला. "समुद्राकाठी हे टिकत नाय."

जया दारात आली होती. तिचा चेहरा खरोखर काळजीचा होता. दोन दिवस ती सुनेला त्या पडद्यापुढे बघत होती आणि काल तर तिनं देवीपुढे नारळही ठेवला होता. "मग उन्हात घाल ना गो त्याला," ती म्हणाली. "बोटीवरचा वायरलेस बंद पडला की तुझा सासरा तेच करायचा. दोन उन्हं दिली की बोलायला लागायचा."

हे खरं होतं. बॅटऱ्या, घड्याळं, रेडिओ, कोणाच्याही घरी काही दमट झालं की ते उन्हात जायचं. नमितानंच गेल्या वर्षी रामनाथचा समुद्रात भिजलेला फोन असा वाळवला होता आणि तो चालूही झाला होता.

तिनं दिपेशकडे बघितलं. त्याच्या ऑफिसात, बर्फाच्या कारखान्यावर, कॉम्प्युटर होता. त्याला कळत होतं.

तो उठला. लुंगी झटकली. "घाल की," तो म्हणाला. "उघडा ठेव, म्हंजे आतपर्यंत लागंल. आनि वरनं जाळं टाक. कावळे बसतील."

अकरा वाजता गंधाली मॅडमचा फोन आला. नमिता तेव्हा खळ्यावर, वलांडीशेजारच्या सपाट जागेवर होती. "दुसरा दिवस झाला, नमिता. खरं तर मी नाव कमी करायला हवं. पण तुमचा मराठीचा आवाज चांगला आहे, म्हणून उद्या दहाला शेवटची संधी देते. मला तोंडघशी पाडू नका."

"नाही मॅडम. उद्या येते."

त्या दिवशी नेमकं आभाळ मोकळं झालं आणि कडक ऊन पडलं. खळ्यावर जवळा पसरला होता. त्याच्या कडेला, फळीवर, नमितानं लॅपटॉप उघडा करून ठेवला आणि त्यावर फाटक्या जाळ्याचा तुकडा टाकला. मग ती वलांडीशी बसली. एक बोंबील घ्यायचा, त्याचा जबडा उघडायचा, त्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. रबरी हातमोजे घालून जबडा सापडत नाही. उघड्या बोटांनीच करावं लागतं. दर दहा-पंधरा जोड्यांनी ती उठायची, फळीपाशी जाऊन हात न लावता वाकून बघायची, परत यायची.

"नमिताचा बोंबील कदी वाळनार?" शेवंती ओरडली. ती मजुरीला यायची, आणि अख्ख्या रांगेला हसवायची.

"पलटी कर गो त्याला, एका बाजूनं करपंल."

"मीठ लावलंस काय?"

बायका हसल्या. दिपेश टब ओढत होता, तोही हसला. नमिताही थोडी हसली, कारण न हसणं अजून वाईट दिसलं असतं. तीन वाजता तिनं खरंच तो पलटी केला. हाताला चटका बसला. तिला ते बरं वाटलं. आतली ओल निघतेय, असं वाटलं.

श्रुतिका त्या दिवशी शाळेतून आल्यावर आजीच्या पलीकडे बसली. तिची बारकी बोटं जबडे फार चटकन अडकवायची. पण उजव्या हाताचं एक बोट ती वापरत नव्हती.

गुरुवारी नमितानं अंघोळ केली, देवीला हात जोडले आणि साडेनऊला बटण दाबलं. आत कुठेतरी पंखा घरघरला. पडदा काळाच राहिला, आणि त्या काळ्यात मधोमध शाईचा डाग पसरावा तसा जांभळा डाग उमटला. खालची बाजू फुगली होती, लॅपटॉप खाटेवर सरळ बसेना. तिनं तो उशीच्या खोळीत घातला, श्रुतिकाची दुपारची शाळा म्हणून तिलाही सोबत घेतलं, आणि ती सात बंगल्याला चालत गेली. दुरुस्तीचं दुकान अकराला उघडतं, हे तिथं गेल्यावर कळलं. शटरसमोर ती उभी राहिली. दहा वाजले. सव्वादहा वाजले. फोन हातातच होता. तिनं मॅडमना लावला, तो कापला गेला. वर्ग चालू होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दुकानदार आला. त्यानं लॅपटॉपला हात लावला आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

"ताई, हा तव्यावर ठेवला होता काय?"

"उन्हात. वाळायला."

"पाणी पडलेलं?"

"नाय. वायफाय लागत नव्हतं. खारं वारं लागलं म्हणून."

 भल्या माणसासारखा तो हसला नाही. त्यानं स्क्रू काढले, फुगलेली बॅटरी काढून लांब ठेवली, सरळ वायर लावली आणि दुसरा पडदा जोडला. लॅपटॉप सुरू झाला. त्यानं आपल्या दुकानाचा पासवर्ड घातला. ठिपके एकदाच फिरले.

"लागलं," तो म्हणाला. "एक नंबर लागलंय. ह्याला काहीच झालेलं नव्हतं हो. आता मात्र पडदा गेला, बॅटरी गेली, बोर्डपण किती दिवस चालेल सांगता येत नाही." आणि तिला पटावं म्हणून त्यानं आपला फोन पुढे केला. "हे बघा, माझ्या दुकानात कोण कोण जोडलंय त्याची यादी. हा माझा फोन, हा प्रिंटर, हे तुमचं मशीन. नमिता-पीसी."

श्रुतिका टाचा उंचावून बघत होती.

"काकाच्या फोनमधी पन असंच होतं," ती म्हणाली.

"काय होतं?"

"तुझं नाव. काका बोलला, ही आजी, हा मी, ही तुझी आई. बोलला, दाब. आईला गंमत करू." तिनं ते उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "मी नको बोलली. मग त्यानं माझं बोट धरलं नि दाबलं. नि चॉकलेट दिलं."

दुकानदारानं नजर फोनमध्ये घातली.

"असं करता येतं?" नमितानं विचारलं.

"येतं. यादीतून ब्लॉक केलं की झालं. मग मशीननं कितीही डोकं आपटू दे."

तिच्या फोनवर मेसेज वाजला. तुमचे नाव प्रशिक्षणातून कमी करण्यात आले आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

परत जाताना तिनं श्रुतिकाला कडेवर घेतलं. पाच वर्षांची पोर जड झाली होती, पाय गुडघ्यांना लागत होते. नमितानं ते बोट धरून बघितलं. त्यावर काही नव्हतं, साधं बोट होतं. तरी तिनं ते ओठांना लावलं. श्रुतिकानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "आता दुखत नाय." उशीची खोळ नमिताच्या दुसऱ्या हातात लोंबत होती.

ती घरी न जाता सरळ वलांडीवर गेली. पश्चिमेकडून पुन्हा आभाळ भरून येत होतं. रांगेतल्या बायका भराभर हात चालवत होत्या. दिपेश बांबूवर चढून दोर घट्ट करत होता.

"काय वहिनी, झाला काय चालू?"

"दुकानात लागलं," नमिता म्हणाली. "घरात का लागत नव्हतं?"

त्यानं गाठ मारली, ओढून बघितली. मग खाली उतरला. "लागंल की घरात पन. वाळवन उतरलं की लागंल. दोन दिसांत परत टाकनार होतो तुझं नाव."

"पोरीचं बोट धरून केलंत."

"गंमत केली गो. आनि उन्हात घाल असं मी बोललो काय? कोन बोललं, सांग."

रांगेत सगळ्यांचे हात थांबले होते. शेवंतीनं मान खाली घातली. जयाच्या हातात एक बोंबील होता, अर्धा उघडलेल्या जबड्याचा. ती लेकाकडे बघत राहिली. तिला हे माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. काहीतरी बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं. नमिता वाट बघत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या बाईच्या शब्दाची एवढी वाट बघितली असेल.

"मी बोलली उन्हात घाल," जया म्हणाली. मग तिनं वर आभाळाकडे बघितलं. दिपेशवरची नजर तिनं केव्हाच काढून घेतली होती. पायानं एक भरलेला टब तिनं सुनेच्या दिशेनं सरकवला. वाळूत त्याचा ओरखडा उठला. "जे झालं ते झालं. बस आता. पाऊस आला तर सगळाच माल सडंल."

नमितानं श्रुतिकाला खाली उतरवलं. उशीची खोळ कोरड्या जागी ठेवली, मग कशाला कोरड्या जागी ठेवली ते तिलाच कळेना. ती बसली. टबात हात घातला. मिठाच्या पाण्याची आग तिन्ही बोटांतून कोपरापर्यंत चढली आणि तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बायकांचे हात पुन्हा सुरू झाले होते. दिपेश पलीकडे टब ओढत शीळ घालत होता.

तिनं एक बोंबील घेतला, त्याचा जबडा उघडून धरला.

श्रुतिका शेजारी उकिडवी बसली. तिनं दुसरा बोंबील उचलला आणि त्याचा जबडा आईच्या हातातल्या जबड्यात नीट, अलगद अडकवला, आज सगळी बोटं वापरून. मग तिनं काकाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात विचारलं,

"आई, मला मारलंस ना, मग काकाला कदी मारनार?"